इंटरनेट फोनचा प्लॅन: आधी चॅनेल मोजा, मग दर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८ जणांचं ऑफिस, सध्या ४ जुन्या लँडलाइन. येणारे-जाणारे मिळून रोज २०० च्या आसपास कॉल. पाच जण जवळपास दिवसभर फोनवर, बाकीचे अधूनमधून. एक फॅक्स मशीन आणि चोरी-आगीच्या अलार्मचं पॅनेलही याच लाइनवर. इंटरनेट फोनसाठी तीन प्रस्ताव आलेत: पहिल्यात माणशी ठरावीक मासिक भाडं आणि 'अनलिमिटेड' कॉल, दुसऱ्यात ६ चॅनेल आणि हवी तेवढी एक्स्टेन्शन, तिसऱ्यात बोलाल तेवढ्या मिनिटांचे पैसे. इंटरनेट ५० एमबीपीएसचं आहे. तिघांत स्वस्त कुठलं, आणि ५० एमबीपीएस पुरेल का?

स्वस्त काय ते सगळ्यात शेवटी, दहा मिनिटांच्या आकडेमोडीत ठरतं. त्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात: गर्दीच्या वेळी एकदम किती कॉल चालू असतात, आणि तुमचं इंटरनेट 'अपलोड' करताना कसं वागतं. या दोन्ही गोष्टी तुमच्या ऑफिसच्या आहेत, कंपनीच्या माहितीपत्रकात त्या सापडणार नाहीत.

चॅनेलपासून सुरुवात करू. एक चॅनेल म्हणजे एका वेळी बाहेरच्या जगाशी चालू असलेला एक कॉल. ऑफिसातल्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर लावलेला कॉल सहसा यात धरत नाहीत. म्हणून १८ माणसं म्हणजे १८ चॅनेल हा हिशेब चुकीचा, आणि ४ लँडलाइन होत्या म्हणजे ४ चॅनेल हाही चुकीचाच. चार लाइन भरलेल्या असताना किती गिऱ्हाइकांना एंगेज टोन मिळाला, हे जुन्या बिलात कुठेच दिसत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. दिवसातला सगळ्यात गर्दीचा एक तास शोधा. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या कॉलच्या तपशिलावरून तो निघतो. तपशील नसेल तर मी दिवसाच्या कॉलपैकी १५ ते २० टक्के त्या एका तासात धरतो. तुमच्याकडे २०० चे २० टक्के म्हणजे ४० कॉल. एक कॉल सरासरी ३ मिनिटांचा धरला तर १२० मिनिटांचं बोलणं एका तासात, म्हणजे २ तासांचं काम एका तासात. टेलिफोनच्या भाषेत हा '२ अर्लांग' भार. सरासरी २ कॉल कायम चालू, असा त्याचा अर्थ. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, घोळक्याने येतात. म्हणून २ चॅनेल घेऊन भागत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. अर्लांग यांनी १९१७ साली याचं सूत्र दिलं आणि ते आजही तसंच वापरात आहे. त्यानुसार २ अर्लांगला ४ चॅनेल असतील तर गर्दीच्या तासात साडेनऊ टक्के कॉल परत जातात. ५ असतील तर ३.७ टक्के, ६ असतील तर १.२ टक्के आणि ७ असतील तर फक्त ०.३ टक्के. म्हणजे आज तुमच्या ४ लाइनवर गर्दीच्या वेळी दहातला जवळजवळ एक कॉल लागतच नसणार.

इथवर ६ चॅनेलचा प्रस्ताव बरोबर मापाचा वाटतो. पण एक खाच आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाहेरून आलेला कॉल तुम्ही कोणाच्या मोबाइलवर वळवला की तो बहुतेक ठिकाणी दोन चॅनेल खातो: एक आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. वर बाहेर जाणाऱ्या भागाचं बिल तुमच्या नावावर. चारातला एक कॉल असा वळवला जात असेल तर १० कॉल गुणिले ३ मिनिटं, म्हणजे अर्धा अर्लांग वाढला. २.५ अर्लांगला ६ चॅनेलवर २.८ टक्के कॉल परत जातात, ७ वर १ टक्का, ८ वर ०.३ टक्के. (वळवलेल्या कॉलला दोन चॅनेल एकदमच लागतात, त्यामुळे हे गणित काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरतं.) होल्डवर गाणं ऐकत बसलेला गिऱ्हाईक, 'विक्रीसाठी १ दाबा' ऐकणारा गिऱ्हाईक, हेही चॅनेल अडवूनच बसलेले असतात. शिवाय सूत्राचं गृहीतक असं की ज्याचा कॉल लागला नाही तो गप्प बसतो. प्रत्यक्षात तो लगेच पुन्हा लावतो. म्हणून सूत्रातून येणाऱ्या आकड्यात (इथे १ टक्का कॉल परत जाणाऱ्या ७ मध्ये) मी एक चॅनेल मिळवतो. तुम्हाला ८ घ्या असं सांगेन. दुसऱ्या कंपनीला विचारा: एक-एक चॅनेल वाढवता येतं का, की चार-चारच्या पटीतच? आणि सगळे भरले की पुढच्या कॉलला काय ऐकू येतं, एंगेज टोन की व्हॉइसमेल?

पहिल्या प्रस्तावात, म्हणजे माणशी भाड्यात, चॅनेलचा उल्लेख नसतो म्हणून त्याला मर्यादाच नाही असं समजू नका. काही ठिकाणी प्रत्येक माणसामागे एक किंवा दोन चॅनेल असतात, काही ठिकाणी संपूर्ण खात्याला एक वरची मर्यादा असते. लेखी विचारा.

आता दुसरा प्रश्न, ५० एमबीपीएस. आवाजाला लागतं किती ते आधी बघू. कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे बनवून पाठवायची पद्धत. जी.७११ या सगळ्यात जुन्या आणि सगळीकडे चालणाऱ्या कोडेकमध्ये फोन दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा पाठवतो. त्या पाकिटात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्ता-बित्ता. सेकंदाला अशी ५० पाकिटं. हिशेब ८० किलोबिटवर येतो, इथरनेटचा वरखर्च धरून ८७. आठ कॉल एकदम चालू असले तरी ०.७ एमबीपीएस, जाताना तेवढंच आणि येताना तेवढंच. आवाज दाबून लहान करणाऱ्या जी.७२९ कोडेकमध्ये एका कॉलला ३१ किलोबिट पुरतात. ५० एमबीपीएसपुढे हे काहीच नाही. मग इंटरनेट फोनवर आवाज तुटतो कशामुळे?

तुटतो तो रांगेमुळे. ५० हा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. अपलोड त्याच्या दहाव्या भागाइतकंही असू शकतं. समजा अपलोड २ एमबीपीएस आहे आणि कोणीतरी मोठी फाइल पाठवायला घेतली, किंवा कॉम्प्युटरचा क्लाउड बॅकअप सुरू झाला. मोडेमच्या पोटात २५६ केबीची रांग साठू शकत असेल तर ती रिकामी व्हायला एक सेकंद लागतो. तुमच्या आवाजाचं २०० बाइटचं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. समोरच्या फोनकडे उशिरा येणाऱ्यांसाठी थोडीशी वाट बघण्याची सोय असते, साधारण ४० ते ६० मिलिसेकंदांची. त्यानंतर आलेलं पाकीट त्याच्या लेखी हरवलेलंच. मग तुम्हाला समोरच्याचं सगळं नीट ऐकू येतं आणि तो मात्र 'हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय' म्हणत राहतो. दोष तुमच्या बाजूचा आहे याची ही जवळजवळ खात्रीची खूण.

म्हणून करार करण्याआधी एक चाचणी घ्या. तिला पैसे लागत नाहीत. कंपनीकडून त्यांच्या सर्व्हरचा पत्ता मागून घ्या. ऑफिस भरलेलं असताना, वायफायवर नव्हे तर केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला २०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटं पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. सरासरी, सगळ्यात जास्त आणि हरवलेली पाकिटं, तिन्ही लिहून ठेवा. मग एखादी मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा २०० वेळा करा. पहिल्या फेरीत २० मिलिसेकंद आणि दुसरीत २५ ते ३० असेल तर लाइन उत्तम. दुसरीत ३००-४०० झाली तर प्लॅन कुठलाही घ्या, आवाज तुटणारच. मी धरतो त्या मर्यादा अशा: हरवलेली पाकिटं १ टक्क्याच्या आत, वेळेतला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत, आणि आवाज एका बाजूने दुसरीकडे पोहोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत. हा शेवटचा आकडा आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीतला आहे. पिंग जाऊन-येऊन वेळ दाखवतं, हे लक्षात ठेवून निम्मं करा. त्यात फोनच्या स्वतःच्या कामाचे ५०-६० मिलिसेकंद मिळवा.

दुसरी फेरी वाईट निघाली तरी घाबरायचं कारण नाही. जास्त वेगाचं कनेक्शन घेणं हा पहिला उपाय नव्हे. राउटरमध्ये रांग सांभाळण्याची सोय आहे का ते बघा. एफक्यू-कोडेल किंवा केक अशा नावांनी ती असते. ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. यामुळे रांग मोडेममध्ये न साठता तुमच्या राउटरमध्ये साठते, आणि तिथे आवाजाच्या छोट्या पाकिटांना पुढे काढता येतं. फक्त 'व्हॉइसला प्राधान्य' असा टिक लावून वेगाची मर्यादा बांधली नाही तर काही उपयोग होत नाही, कारण रांग तुमच्या हातात नसतेच. फोनने पाकिटांवर मारलेला प्राधान्याचा शिक्का (डीएससीपी ४६) तुमच्या ऑफिसापुरता कामाचा. बाहेरच्या खुल्या इंटरनेटवर तो कोणी पाळेल असं धरून चालू नका.

टेबलावरचे फोन केबलनेच जोडा. वायफायवर आवाज चालतो, पण मायक्रोवेव्ह सुरू झाला किंवा शेजारच्या ऑफिसने नवा राउटर लावला की कधी बिघडेल ते सांगता येत नाही, आणि मग दोष कोणाचा यावर आठवडा जातो.

एवढं हातात आलं की प्रस्तावांकडे वळा. पहिला आणि दुसरा प्रस्ताव एकाच जातीचे नाहीत. माणशी भाड्याच्या सेवेत एक्स्चेंज, म्हणजे कुठला कॉल कोणाच्या फोनवर जायचा हे ठरवणारी यंत्रणा, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. रिंग ग्रुप (एका कॉलला कोणाकोणाचे फोन वाजायचे ते), व्हॉइसमेल, सुट्टीच्या दिवशीचा संदेश हे सगळं तुम्ही वेबपेजवरून बदलता. चॅनेलवर विकली जाणारी सेवा बहुतेक वेळा नुसती 'सिप ट्रंक' असते, म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट. (सिप म्हणजे इंटरनेटवर कॉल जोडायचे आणि तोडायचे निरोप देण्याची ठरलेली पद्धत.) एक्स्चेंज तुमचं तुम्ही उभं करायचं, ऑफिसातल्या एखाद्या मशीनवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर. त्याचे अपडेट, बॅकअप, फायरवॉल हे काम कोणाचं? ऑफिसात असं काम आवडीने करणारा माणूस असेल तर ट्रंकसारखं लवचीक काही नाही. नसेल तर महिन्याला वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात बाहेरच्या तंत्रज्ञाला द्यावे लागतात. '६ चॅनेल आणि हवी तेवढी एक्स्टेन्शन' म्हणणाऱ्याला हा पहिला प्रश्न विचारा: एक्स्चेंज कोणाचं?

दरांचा हिशेब असा. येणारे कॉल बहुतेक प्लॅनमध्ये मोफत असतात, तेव्हा फक्त जाणारी मिनिटं मोजा. रोजच्या २०० पैकी १०० जाणारे, ३ मिनिटांचे, महिन्याला २२ दिवस: ६,६०० मिनिटं. यातली ८० टक्के तुमचे पाच जण बोलतात असं धरलं तर त्यांच्या वाट्याला प्रत्येकी १,०५६ मिनिटं आणि उरलेल्या तेरा जणांच्या वाट्याला प्रत्येकी जेमतेम १००. आता माणशी भाड्याला एका मिनिटाच्या दराने भागा. उत्तर समजा ५०० आलं. म्हणजे महिन्याला ५०० मिनिटांहून जास्त बोलणाऱ्यालाच अनलिमिटेड परवडतं. तुमच्याकडे तो पाच जणांना परवडतो, तेरा जणांना नाही. अठराही जणांना एकच प्लॅन घ्यायचा हट्ट सोडा. पाच जागा अनलिमिटेड आणि तेरा जागा कमी भाड्याच्या, मिनिटावर पैसे, अशी मिसळ बऱ्याच कंपन्या देतात. पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

मिनिटाचा दर वाचताना त्याच्या शेजारी पल्स वाचा, म्हणजे किती सेकंदांच्या तुकड्याने पैसे लागतात ते. ६०/६० असेल तर ६१ सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा धरला जातो. ६/६ मध्ये ६६ सेकंदांचा, १/१ मध्ये ६१ सेकंदांचाच. तुमचे बरेच कॉल 'माल निघाला का', 'निघाला' अशा ७० सेकंदांचे असतील तर ६०/६० वाला ७० च्या जागी १२० सेकंदांचे पैसे घेतो. म्हणजे छापलेल्या दराच्या पावणेदोनपटीच्या आसपास. वरवर महाग दिसणारा १/१ चा दर इथे खुशाल स्वस्त पडतो. मागच्या महिन्याचे शंभर कॉल काढून दोन्ही पद्धतींनी जोडून बघा, कोणाच्या शब्दावर जाऊ नका.

'अनलिमिटेड' शब्दाला अटींच्या पानावर शेपूट असतं. 'रास्त वापर' नावाखाली मिनिटांची मर्यादा, वेगवेगळ्या किती नंबरांना कॉल केले याची मर्यादा, किंवा 'कॉल सेंटरसाठी नाही' असं एक वाक्य. तुमचे पाच जण दिवसभर फोनवर असतील तर ते याच वाक्यात सापडतील. आकडा लेखी मागा. आकडा नाही म्हणाले तर मर्यादा ओलांडल्यावर काय करतात ते लेखी मागा: दर लावतात की लाइन बंद करतात?

एवढ्यावर तुमच्यासाठी माझं मत असं बनतं: एक्स्चेंज कंपनीकडचं, मिसळ प्लॅन, एकूण निदान ८ कॉल एकदम चालतील याची लेखी हमी, पल्स ६/६ किंवा १/१. ऑफिसात एक्स्चेंज सांभाळणारा माणूस असेल तरच ८ चॅनेलची ट्रंक.

आता ज्या गोष्टी दरपत्रकात नसतात पण नंतर डोकं खातात त्या.

कंपनीचा सपोर्ट किती पाण्यात आहे हे तपासायला मी एक प्रश्न वापरतो: 'कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कट होतो, काय असेल?' जाणकार माणूस ताबडतोब राउटरकडे बोट दाखवतो. याचं कारण असं. समोरच्याने कॉल उचलला की त्याचा फोन 'उचलला' असा निरोप पाठवतो आणि तुमच्या फोनकडून 'कळलं' अशी पोच मागतो. बऱ्याच राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची मदतनीस सोय चालू असते. ती निरोपातले पत्ते आपल्या अकलेने बदलते आणि पोच भलतीकडे जाते. आवाज मात्र चालू असतो, कारण तो वेगळ्या वाटेने जातो. उचलणारा फोन निरोप पुन्हापुन्हा पाठवतो आणि ३२ सेकंद पोच आली नाही की कॉल सोडून देतो. हा ३२ चा आकडा सिपच्या मूळ नियमातच आहे, अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट. एएलजी बंद केलं की रोग बरा. 'लाइन चेक करतो सर' एवढंच उत्तर देणारा सपोर्ट पुढेही तेवढंच करेल.

याच कुळातले आणखी दोन आजार. एका बाजूचाच आवाज येणं: फोनने आपला आतला, १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता समोरच्याला दिलेला असतो, तिथे बाहेरून आवाज पोहोचूच शकत नाही. आणि सकाळी फोन चालू केल्यावर थोडा वेळ कॉल येतात, मग येईनासे होतात, पण आपण लावला की लागतो: राउटर आतल्या-बाहेरच्या जोडणीची नोंद विसरलेला असतो. फोनमध्ये दर २०-३० सेकंदांनी जागं ठेवणारं पाकीट पाठवायची सेटिंग असते, ती लावा. किंवा यूडीपी (निरोप पाठवायची नेहमीची, जोडणी न ठेवणारी पद्धत) सोडून टीएलएसवर, पोर्ट ५०६१ वर जा. टीएलएस आणि एसआरटीपी, म्हणजे निरोप आणि आवाज दोन्ही कुलूपबंद, ही सोय देते का हे कंपनीला विचाराच. यासाठी जादा पैसे मागणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

वीज आणि इंटरनेट गेल्यावर काय? जुनी लँडलाइन टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजच्या विजेवर चालायची, हा फोन तुमच्या विजेवर चालतो. मोडेम, राउटर आणि स्विच, तिन्ही यूपीएसवर हवेत. एक जरी राहिला तरी बाकी दोन उगाच जागे राहतात. फोनना केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घेतलात तर प्रत्येक टेबलावर वेगळा यूपीएस लागत नाही. इंटरनेट गेल्यावर कॉल मोबाइलकडे वळवण्याची सोय जवळपास सगळेच देतात, पण ती नेमकी कधी लागू होते ते बघा. फोन ठरावीक वेळाने सर्व्हरला 'मी इथे आहे' असं कळवतो, तिला नोंदणी म्हणतात. ती एका तासाची असेल तर केबल तुटली तरी कंपनीच्या सर्व्हरला तो फोन तासभर जिवंतच वाटतो, आणि गिऱ्हाइकाला नुसती शांतता ऐकू येते. चाचणीच्या काळात राउटरची केबल खरोखर उपटा, मोबाइलवरून ऑफिसला कॉल लावा आणि किती सेकंदांनी तो वळतो ते घड्याळ लावून मोजा. १५-२० सेकंदांच्या वर गेलं तर नोंदणीची मुदत कमी करून घ्या. दुसरं इंटरनेट ठेवणार असाल तर दुसऱ्या वाटेने येणारं ठेवा. एकाच खांबावरून आलेल्या दोन फायबर एकाच वेळी तुटतात.

फॅक्स आणि अलार्म. माझा सल्ला: ही दोन उपकरणं या बदलातून बाहेर ठेवा. फॅक्सचे सूर दाबलेल्या कोडेकमध्ये मोडतात. जी.७११ वरही पाच-सहा पानांनंतर एखादं पाकीट हरवलं की पान अर्धवट राहतं. टी.३८ नावाची खास पद्धत आहे, पण ती तुमच्या अडॅप्टरपासून (फॅक्स मशीन इंटरनेटला जोडणाऱ्या डबीपासून) शेवटच्या कंपनीपर्यंत सगळ्यांनी पाळायला हवी. फॅक्स ईमेलवर आणणारी सेवा घ्या आणि मोकळे व्हा. अलार्मचं पॅनेल हे त्याहून नाजूक प्रकरण, कारण ते चालत नाही हे कळायला चोरी किंवा आग व्हावी लागते. अलार्म बसवणाऱ्याकडून मोबाइल सिमवर चालणारं मॉड्यूल लावून घ्या, किंवा त्याच्यासाठी एक जुनी लाइन ठेवा. बँकेच्या किंवा कुरिअरच्या 'पर्याय निवडा'त बटण दाबूनही पुढे जात नसेल तर ते बटणांच्या सुरांचं प्रकरण आहे. फोन आणि कंपनी दोन्हीकडे बटणांचे सूर पाठवण्याच्या सेटिंगमध्ये 'आरएफसी ४७३३' (जुन्या फोनमध्ये २८३३) निवडलं की सुटतं.

परदेशी कॉलची चोरी ही या धंद्यातली सगळ्यात महागडी दुर्घटना. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१ ठेवला की इंटरनेटवर अहोरात्र फिरणारे प्रोग्रॅम तो शोधून काढतात आणि शनिवारी रात्री महागड्या परदेशी नंबरांना एकामागून एक कॉल लावतात. सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत बिल झालेलं असतं, आणि करारानुसार ते सहसा तुमचंच. पहिल्याच दिवशी परदेशी कॉल सरसकट बंद करा, लागतील तेवढेच देश उघडा, रोजच्या खर्चाला मर्यादा लावून घ्या. ही मर्यादा कंपनीच्या बाजूला असते की नुसती सूचना येते, हे विचारा. सूचना झोपेत वाचता येत नाही.

काही गोष्टी तुम्ही कुठे आहात यावर ठरतात, तिथे मी सरसकट सांगू शकत नाही. कॉल रेकॉर्ड करताना समोरच्याला सांगणं बंधनकारक आहे का, ऑफिसचं एक्स्टेन्शन घरून वापरता येतं का, लँडलाइनचा नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो का, हे तिथल्या दूरसंचार नियमांवर अवलंबून. कंपनीकडे परवाना कुठला आहे ते विचारलंत की यातलं बरंच आपोआप कळतं. आणीबाणीच्या नंबरचंही तसंच: कॉल कुठून आला हे नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरू शकतं, त्यामुळे घरून काम करणाऱ्याचा कॉल ऑफिसच्या पत्त्यावर अँब्युलन्स बोलावू शकतो. पत्ता कोण बदलतं आणि तो कॉल लागतो का, हे सही करण्याआधी स्पष्ट करून घ्या.

करारात मी चारच ओळी शोधतो: मुदत किती, न सांगता आपोआप वाढते का, मधेच माणसं कमी झाली तर जागा कमी करता येतात का, आणि नंबर कोणाच्या नावावर आहे. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. नंबर कंपनीच्या नावावर असेल तर तुमच्या पाट्यांवर आणि बिलबुकांवर छापलेला नंबर त्यांच्या मेहेरबानीवर आहे. पहिल्यांदाच तीन वर्षांचा करार करू नका, सूट कितीही असो. महिनाभर पाच जणांवर चालवून बघा, आणि त्यात निदान एक आठवडा तुमच्या गर्दीचा असू द्या.

नंबर नेता येत असेल तर एक क्रम पाळा. जुन्या बिलावरचं नाव आणि पत्ता नव्या अर्जावर अक्षरशः तसाच लिहा. 'अँड' आणि '&' च्या फरकावरूनही अर्ज परत येतात. नंबर नव्या कंपनीकडे आला, बाहेरच्या दोन-तीन वेगवेगळ्या नेटवर्कवरून लावून पाहिला, तो नीट वाजला, की मगच जुनी लाइन बंद करायचं पत्र द्या. आधी दिलंत तर नंबर सुटतो आणि सुटलेला नंबर परत मिळेलच असं नाही. तुमच्या ४ लाइनपैकी अलार्मची कुठली ते आजच शोधून तिच्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे बंद करायच्या अर्जात ती चुकून जाणार नाही.